रिबकाची पट्टी

यावलच्या स्टँडवर चोपड्याची गाडी अजून लागायची होती. शेजारच्या बाकावरच्या दोघांना पुनम ओळखतही नव्हती, पण तिचे कान तिकडेच लागले.

“शिमोनभाऊ, या रविवारी उपासनेची गाणी तुम्हीच घ्यायची. पाळकसाहेबांचा निरोप शे.”

“नको, अक्का. रिबका गेल्यापासून मी गाणं सुरू करतो आणि मंडळी गप्प बसते. चार रविवार झाले.”

“गप्प नाही बसत, भाऊ. तुम्ही इतक्या वरच्या पट्टीत सुरू करता, आमचा आवाज तिथं पोचतच नाही.”

“वीस वर्षं पेटी वाजवतोय. मला पट्टी कळत नाही?”

“वीस वर्षं रिबका पुढच्या सतरंजीवर बसायची. तुम्ही पेटी उघडली की आधी ती हळूच गुणगुणायची.”

शिमोनभाऊंची बोटं मांडीवर पेटी वाजवल्यासारखी फिरली.

“खोटं बोलते का मी?”

“नाही. मी तिचाच सूर धरायचो. लोक माझं कौतुक करायचे, मी ऐकून घ्यायचो. तिलासुद्धा कधी सांगितलं नाही.”

“तिले माहीत होतं. दवाखान्यात मला म्हणाली, अक्का, माझ्या जागेवर बस आणि पहिली ओळ गुणगुण. मलाच लाज वाटली. माझा आवाज हा असा फाटका.”

गाडी लागली. दोघांपैकी कोणी उठलं नाही, म्हणून पुनमही उठली नाही.

“गुणगुणा बरं.”

“इथं? स्टँडवर?”

“इथंच.”

फाटका, थरथरता सूर निघाला.

“थोडं खाली, अक्का. अजून खाली. ती खालून सुरू करायची.”