ब्रह्मचाऱ्याला बायको नसते

(कान तपासायची छोटी बंद खोली. खुर्चीत काकू, कानात नवं मशीन. तीन पावलांवर त्यांचे यजमान, तोंडासमोर पुठ्ठा धरून. त्यांना सगळे सर म्हणतात. मध्ये स्टुलावर मशीन बसवणारी मुलगी, काकूंच्या भाषेत ‘कानवाली’.)

कानवाली : पुठ्ठा खाली नाही घ्यायचा, सर. काकू ओठ वाचतात. हं, पुढचं वाक्य.

सर : त्रिकोणाला तीन कोन असतात!

कानवाली : ओरडू नका. साध्या आवाजात.

काकू : त्रिकोणाला तीन कोन असतात. पुढे?

सर : विधवेचा नवरा हयात नसतो.

काकू : विधवेचा नवरा हयात नसतो. अहो, इथे तरी शुभ बोला!

सर : ब्रह्मचाऱ्याला बायको नसते.

काकू : ब्रह्मचाऱ्याला बायको नसते. सुटला बिचारा.

सर : बघा! शंभरपैकी शंभर! जमलं मशीन. द्या बांधून.

कानवाली : एक मिनिट. काकू, अगदी खरं सांगा हं. ‘ब्रह्मचाऱ्याला’च्या पुढे काय ऐकू आलं?

काकू : पुढे? पुढे नुसतं घूंऽऽ.

सर : मग बायको कुठून आणलीस?

काकू : ब्रह्मचारी म्हटल्यावर दुसरं काय असणार पुढे? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलीत मी. लाइनीत ही खरखर! अर्धं वाक्य आलं की उरलेलं माझं मीच पुरं करायचे.

कानवाली : म्हणजे कानांनी नाही, डोक्यानं ऐकलंत. सर, असली वाक्यं चालत नाहीत. न ऐकताही कळतात.

सर : अहो, त्यांचं वैशिष्ट्यच ते. विश्लेषक विधानं म्हणतात त्यांना. शब्द उकलला की उत्तर आतच बसलेलं असतं. ‘ब्रह्मचारी’ उकला, ‘बायको नाही’ आत आहेच. कुठे जाऊन बघायला नको, कुणाला विचारायला नको. एकतीस वर्षं कॉलेजात हेच शिकवलं मी.

काकू : सुरू झालं वाटतं लेक्चर? न ऐकता कळलं मला. हात हलायला लागले की समजायचं.

कानवाली : आणि न ऐकता कळत नाहीत अशी वाक्यं?

सर : ती संश्लेषक. शब्दात नसलेलं काहीतरी बाहेरून येऊन त्याला जोडलं जातं. ‘ब्रह्मचाऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलंय.’ आता ब्रह्मचारी हा शब्द कितीही पिंजा, बटण काही निघायचं नाही त्यातून. जाऊन बघावं लागतं, नाहीतर कुणीतरी सांगावं लागतं.

कानवाली : मग मला ती दुसरी द्या. काकूंना आधी माहीत नसलेलं काहीतरी. तोवर मी हे घूं जरा कमी करते.

काकू : कर बाई. नाहीतर सरळ काढून ठेव. मागचं मशीन कपाटाच्या खणात पडलंय, त्याच्या शेजारी हे नको. हे जमलं नाही तर पुरे झालं. मी आपली बहिरीच बरी.

सर : असं नको गं बोलूस.

कानवाली : पुठ्ठा, सर.

सर : हं. सकाळची गोळी घेतलीस का?

काकू : गोळी घेतलीस का. घेतली.

सर : घ्या! हे अस्सल संश्लेषक होतं. गोळी घेतली असेल, नसेलही!

काकू : तुमच्या पुस्तकात असेल. आमच्या घरात ‘नवरा’ शब्द उकला, आत ‘गोळी घेतलीस का’ आहेच. ‘गॅस बंद केलास का’ आहे. ‘कडी लावलीस का’ आहे. पोरी, माझे कान जाऊन चार वर्षं झाली. या तिनाशिवाय चौथं वाक्य नाही या माणसाकडे.

कानवाली : खरं की काय, सर?

काकू : त्यांना काय विचारतेस? आधी एवढं बोलायचे की मी हात जोडायचे, पुरे करा म्हणून. आता संध्याकाळभर समोरासमोर बसायचं, दोन खांबांसारखं. मला मशीन कशाला हवंय? कुकरची शिटी ऐकायला? हे बोलतच नसतील तर कानात काय घालायचंय!

सर : तुला वाटतं मला बोलायचं नसतं?

काकू : मग?

सर : अगं, ओरडून माणूस कामापुरतंच बोलू शकतो. गोळी ओरडता येते, गॅस ओरडता येतो. बाकीचं हळू बोलायचं असतं. एकदोनदा ओरडून बघितलं मी. शेजारीण दार वाजवून विचारायला आली, भांडताय का म्हणून.

काकू : ती चोंबडी आहेच.

सर : मग सोडूनच दिलं. साठत गेलं सगळं.

कानवाली : सर, त्या साठलेल्यातलं एक काढा. काकूंना ठाऊक नाही असं. पुठ्ठा वर. आणि साध्या आवाजात. घूं गेलंय आता.

सर : कुठलं काढू... बरं. तू सकाळी ओटा पुसताना गुणगुणतेस. तुला वाटतं, आवाज तोंडाबाहेर पडत नाही. पडतो. सूर पार गेलाय. पण मी पेपर घेऊन दाराबाहेरच उभा राहतो. तुझं संपल्याशिवाय आत येत नाही.

कानवाली : काकू? लांबलचक होतं. जेवढं आलं तेवढं म्हणा.

काकू : सूर गेलाय?

कानवाली : आलं! ऐकू आलं! आणि त्याच्या पुढचं?

काकू : तरीच! रोज म्हणते मी, पेपर आणायला फाटकापर्यंत जायचं, तर या माणसाला अर्धा तास कसा लागतो.

कानवाली : म्हणजे सगळं आलं?

काकू : शब्दन् शब्द आला. परत म्हणायला सांग त्यांना.

कानवाली : आलं तर परत कशाला? की आवाज वाढवू थोडा?

काकू : नको गं बाई, हात लावू नकोस त्याला. अहो, तो पुठ्ठा ठेवा खाली. आणि जरा हळू बोला.