सान होसेला वर काढला

— अर्धवेळ म्हणजे अर्धवेळच, डॉन एव्हारिस्तो. सोमवार ते शुक्रवार मी दवाखान्यात एक्स-रे काढते, शनिवार-रविवार तुमची. नाही, ती नोकरी सोडणार नाही. कोट राहू दे अंगावर, काय गार वारा सुटलाय उत्तरेचा सकाळपासून, काल तर लोक बाह्या दुमडून फिरत होते. तर — तुम्ही पुढे काय म्हणणार ते मला पाठ आहे. अर्धवेळवाले फोन उचलत नाहीत, गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, आणि वर ही पोरगी स्वतःसाठीही घरं घेणार म्हणते, म्हणजे चांगलं घर ती गिळणार आणि कोर्टकज्जा ब्रोकरच्या गळ्यात. हेच ना? सान अँटोनियोतल्या सगळ्या ब्रोकरांना ही एकच टेप मिळालेली दिसते. त्या काचेच्या ऑफिसातल्या बाईंनी तर मला बाळा म्हणून परत पाठवलं. बाळा! घरविक्री एजंटची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले. लायसन्स पर्समध्ये आहे, पण एका तरी ब्रोकरनं आपल्या नावाखाली घेतल्याशिवाय त्याचा उपयोग काय? विकाऊ घराच्या दाराला लटकवलेली ती किल्लीची पेटीसुद्धा मला उघडता येत नाही. म्हणून तुमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या पुढ्यात बसायचं — माफ करा, वडीलधाऱ्यांच्या.

घर कसलं हवंय? कसलंही. लहानसं. पश्चिमेकडचं, पुढे दोन खोल्या, मागे एक लांबट खोली, तिच्या खिडकीला डाळिंबाचं झाड टेकलेलं. आधी पिस्त्याच्या रंगाचं होतं, आता राखाडी केलंय, हल्ली सगळे राखाडीच करतात — हं. ओळखलंत. हो, तेच. तुमच्याकडे विकायला आहे ते. अंगणातल्या पाटीवर तळाला बारीक अक्षरात ब्रोकरचं नाव असतं ना, तिथं वाचलं मी. म्हणून आले. बाकीच्या ऑफिसांत उगाच पायपीट केली, वाटलं दुसऱ्या कुणाच्या नावाखाली गेले तर तुमच्यासमोर यायला नको.

आमचंच होतं ते. बारिएंतोसांचं. तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. पप्पांनी ते मिळेल त्या भावाला एका घरं पालटून विकणाऱ्याला देऊन टाकलं, आणि त्यानं रंग फासून तुमच्याकडे आणलं. मागच्या खोलीत माझा भाऊ झोपायचा. होसे मारिया — चेमा. मधल्या भिंतीवर झोपायच्या आधी टकटक करायचा, मी इकडून उलट टकटक करायची, मगच झोपायचा. गोठवणारी थंडी पडली तेव्हा पप्पांनी खिडक्यांना प्लास्टिक चिकटवलं, फटीत टॉवेल कोंबले आणि भिंतीतला गॅसचा हीटर लावला. धूर बाहेर नेणारं नळकांडं वर पक्ष्यांच्या घरट्यानं बुजलं होतं. जळक्या गॅसचा विषारी वायू मग खोलीतच साठतो, आणि त्याला वास नसतो. सकाळी मी टकटक केली — जाऊ द्या.

देवाची इच्छा. असं म्हणाले सगळे. पप्पा, काका, पाद्री, सगळी मोठी माणसं, एका सुरात. मी म्हटलं, देवाची नाही, नळकांड्याची. तर तोंड सांभाळ म्हणाले.

तो हीटर अजून तिथं आहे. रंगवलाय त्यांनी, भिंतीसकट, राखाडी. घर बघायला लोक आले त्या दिवशी मीही गेले, एका बाईला सांगायला लागले, तर तुमच्या माणसानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. गल्लीतली वेडी म्हणे. एजंट असते तर? तर माहीत असलेलं सांगणं मला कायद्यानं भागच असतं, आणि ऐकणं त्यांना. आणि मी घेतलं घर तर सांगायचीही गरज नाही. हातोडा घेऊन तो हीटर मी स्वतः उखडेन. मग बहुतेक तो थांबेल. — कोण म्हणजे? चेमा. माझ्या फ्लॅटच्या भिंतीवर टकटक होते. पलीकडे शेजारी नाही, जिना आहे. शिकलेली बाई आहे मी, डॉन एव्हारिस्तो. तरी मी उलट टकटक करते.

आणि हे बघा, हेही सांगून टाकते. हा. पर्समध्येच घेऊन फिरते, रुमालात. घर लवकर विकलं जावं म्हणून तुम्ही लोक सान होसे संताचा हा पुतळा अंगणात उलटा पुरता ना, डोकं खाली, पाय वर? पाटीजवळ माती उकरलेली दिसली. मी काढला बाहेर. हसा. आयुष्यभर म्हाताऱ्यांच्या या खुळांवर तोंडसुख घेतलं आणि शेवटी हातानं माती उकरली. म्हटलं, जोवर हा माझ्याकडे आहे तोवर घर विकलं जाणार नाही. पैसे जमेपर्यंत वेळ मिळेल.

असे का बघताय?

ते फावडं — मघाशी आले तेव्हाच दिसलं, कोपऱ्यात, ओली माती लागलेलं. मला वाटलं, बाग करत असाल. — नाही. घर विकलं गेलं की सान होसेला वर काढायचं असतं. सरळ करायचा, धुवायचा, नव्या माणसांच्या घरात मानानं ठेवायचा. आजी करायची असं. तुम्ही याला शोधत होतात. म्हणजे विकलं.

केव्हा? पाटी तर रविवारी होती. — काल किल्ली दिली म्हणता. काल. माणसं राहायला आली? मुलं आहेत? किती मुलं?

मागच्या खोलीत झोपतात ती.

डॉन एव्हारिस्तो, सकाळपासून गार वारा सुटलाय, त्यांनी हीटर लावला असेल. लायसन्स गेलं खड्ड्यात. फोन लावा त्यांना. आत्ता. म्हणावं हीटर बंद करा, खिडक्या उघडा, पोरांना उचलून अंगणात आणा. माझं नाव सांगा, वेडी म्हणून सांगा, काहीही सांगा. — लावलात? टेबलावर ठेवा, मलाही ऐकू दे.

वाजतोय. अजून वाजतोय.

दुपारची वेळ आहे, झोपले असतील म्हणता.

सगळेच?