हिलाल आबांच्या घराचा भाव

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही शिंदखेड्याच्या थांब्यावर मोटारीची वाट पाहत बसला आहात. आठ वर्षांची प्रमिला तशीच बसली होती. शेजारी तिच्याच गल्लीतले हिलाल आबा आणि त्यांची बायको तानुबाई धुळ्याहून येणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट पाहत होते. मुलाकडे, पुनाकडे, कायमचं राहायला जायचं म्हणून त्यांनी घर विकायला काढलं होतं.

“पुनानी माय, बठ्ठं घर सारवलंस ना?” आबांनी विचारलं.

“सगळं सारवलं. भिंतींना पांढरी मातीही दिली.”

“आणि वर धाब्याच्या छतावर खारी माती टाकून घेतलीस?”

“ती राहिली.”

“अव, मग पहिल्याच पावसात धाबं गळेल! गळक्या घराला कोण भाव देईल?”

“न देईना का. तुम्ही काय भाव सांगितला?”

“दोन हजार.”

“दोन हजार! आपल्या गल्लीत अस्संच घर हजाराला गेलं. एवढे कोण देईल?”

“कोणीच देणार नाही.”

“मग पुनाला काय सांगायचं?”

“सांगू, गिऱ्हाईकच मिळत नाही.”

तानुबाई पदराआड हसल्या, मग त्यांनी त्याच पदरानं डोळे पुसले.

तेवढ्यात मोटार आली. फेटेवाले एक गृहस्थ उतरले आणि पुढे धावलेल्या प्रमिलेलाच त्यांनी विचारलं, “पोरी, हिलाल आबांचं घर कुठं शे?”

प्रमिलेनं त्यांची पिशवी उचलून पुन्हा मोटारीत ठेवली आणि म्हणाली, “काका, धुळ्याला परत जाणारी मोटार हीच शे.”