गॅसवर तपासलेली तुळई

बांधकाम परवानगीच्या रांगेत माझ्यापुढे बापलेक होते. मुलगी इंजिनिअर. वडिलांच्या घरावर लाकडी मजला चढवायचा होता. आज मंजुरी मिळाली नाही, तर सुतार दुसरं काम धरणार होते.

“बाबा, तुळईचा नमुना द्या.”

“आधी रागावणार नाहीस म्हण.”

“काय केलंत?”

“काल तासभर गॅसवर ठेवला.”

“अहो, तो इथे द्यायचा होता.”

“मग डोळे मिटून त्या मजल्यावर झोपू? फळ्या चिकटवून केलेली तुळई. म्हटलं, गोंद वितळला की सगळ्या सुटतील.”

“सुटल्या?”

“कसल्या सुटतायत! खालून दोन बोटं कोळसा झाला, वर लाकूड कोरं करकरीत. दोन विटांवर आडवा टाकून उभा राहिलो.”

“त्या जळक्यावर?”

“तुझ्या आईलाही चढवलं. आता उतरायचं नाव घेईना. वरची खोली तिलाच हवीय.”

तेवढ्यात खिडकीतल्या बाईंनी नमुना मागितला. लेकीने मान खाली घालून तो काळा ठोकळा पुढे सरकवला. बाईंनी कोळसा खरवडला, आतल्या लाकडावर नख रोवून पाहिलं.

“किती वेळ जाळलात?”

“तासभर,” बाबा म्हणाले.

“आमचा नियम अर्धा तास आगीत टिकण्याचा आहे, काका. उगाच गॅस घालवलात,” म्हणत बाईंनी शिक्का मारला.