जपानी इंजिनावर नारळ

मोठ्या माणसाची अक्कल बघायची असंल तर हे ऐका. एका दुष्काळात गावाला प्यायला पाणी नव्हतं, आन् आमच्या सोसायटीच्या चेअरमनला, आबांना, लिलावातली जुनी जपानी मोटार सुरू करायची हौस! मी त्यांचा ड्रायव्हर. इंजिनाची डिस्ट्रिब्युटर कॅप, म्हंजी प्लगांना ठिणगी वाटणारं टोपण, फुटलेली, अन् तिच्याबगर इंजिन सुरूच होत न्हाय. सोलापूर, हैदराबाद पालथं घातलं. शेवटी मुंबईच्या भंगारात एकच घावली. रेल्वेनं आलेली ती जवळच्या येडशी स्टेशनावरनं टॉवेलात गुंडाळून तान्ह्या लेकरावानी आणली.

सोसायटीच्या आवारात उभ्या गाडीला कॅप बसवली, चावी फिरवणार, तर चेअरमन म्हणले, "थांब. आधी नारळ."

"आबा, चाकापुढं दगड ठेवतो."

"दगडावर फोडायला ही काय बैलगाडी हाय? बॉनेट उघड."

"आबा, कॅप लई नाजूक..."

"जपानी माल हाय तो! काय होतंय त्याला?"

आन् हाणला इंजिनावरच. कॅपचे तुकडे तुकडे! आबांनी खोबरं तोंडात टाकलं, म्हणले, "नारळ नासका न्हाय निघाला. गाडी शुभ हाय!"

त्या शुभ गाडीला मग बैल जुंपले, तवा कुठं ती त्यांच्या दारात पोचली.