जॅकआजोबांची पणती

मी मूळची मिरजेची, दवाखान्यांच्या गावची, आमच्या गल्लीत दोन घरांआड एक नर्स, तशी मीही झाले, आणि लग्नानंतर नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीपाठोपाठ इथे न्यूझीलंडला, टाकानिनीत आले. म्हाताऱ्या माणसांच्या रेस्ट होममध्ये कामाला लागले. सगळं छान होतं, पण दिवाळी आली की जीव मिरजेला जायचा. आई दुपारभर वाती वळायची, मी अंगणात पणत्या मांडायचे, त्या तेलाचा वास, काय सांगू तुम्हाला, अजून नाकात आहे.

तर आमच्याकडे एक जॅकआजोबा होते, नव्व्याण्णव वर्षांचे. नुसतं जॅक म्हण म्हणायचे, पण मला काही जमेना, म्हणून आजोबा. रोज किया ओरा, म्हणजे इथला माओरी नमस्कार, म्हणून माझा हात धरायचे. तरुणपणी महायुद्धात विमानात होते, जर्मनीतल्या शहरांवर बॉम्ब टाकायचं काम, विमानाच्या नाकात पालथं पडून खाली बघायचं आणि बटण दाबायचं. हे मला त्यांच्या मुलीने सांगितलेलं, ते स्वतः त्यावर कधी बोलले नाहीत, घरीसुद्धा नाही.

त्या दिवाळीला मी हौसेने लाउंजमध्ये जमिनीवर पणत्या मांडल्या, खऱ्या ज्योतीला बंदी म्हणून सेलवरच्या. इथे दिवाळीत आठपर्यंत उजेड, आणि ही मंडळी सातला झोपणार, म्हणून मी जाड पडदे ओढले आणि लाइट बंद केले. सगळे खूश. जॅकआजोबा व्हीलचेअरवरून खाली बघत राहिले, बघत राहिले आणि रडायला लागले. मी घाबरले, कुठून हे सुचलं मला असं झालं, पडदे उघडायला धावले तर ते म्हणाले, राहू दे. वरून असंच दिसायचं गं, म्हणाले, सुंदर दिसायचं, आणि ते सुंदर दिसायचं हेच मी आजवर कुणाला सांगू शकलो नाही.

मी पडदे तसेच ठेवून शेजारी बसून राहिले. मग आजोबा म्हणाले, त्यातली एक वर दे. मी हातात दिली, तर ती डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ बघत होते. म्हणाले, इतक्या जवळून मी कधीच पाहिलं नाही.

पुढच्या दिवाळीला ते नव्हते. आता घरी मी तेलाच्या पणत्या लावते, वाती आईसारख्याच वळते, आणि एक पणती वेगळी, खिडकीत, डोळ्यांच्या उंचीवर ठेवते. लेक इथेच जन्मलेली, मराठी कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये, पण तीच आठवण करून देते, मम, जॅक्स वन. मी हात जोडते. म्हणते, आजोबा असतील तिथे त्यांना शांती मिळो, आणि तेव्हा खाली जी माणसं होती, त्यांनाही.