विनोदी नाटकाच्या तासाला हसलेली पोरगी

मंडळी, जरा पुढे सरकून बसा, मागे बायाबापड्या उभ्या आहेत. आणि कानात एक सवाल घालून घ्या. न वाचता शिकवणारा मास्तर आणि वाचून हसणारी पोर — या दोघांत दोषी कोण?

मावशी, लगेच मान डोलावलीत! उत्तर तयार दिसतंय तुमचं. पण बाहेर बसून उत्तर देणं सोपं असतं हो. ज्याच्या अंगावर येतं त्याला विचारा! म्हणून आज कुठल्या राजाचं नाही, ऋषीचं नाही, एका साध्या प्राध्यापकाचं आख्यान लावलंय. गाव वाघजाळी. तालुक्याचं ठिकाण, एक एस.टी. स्टँड, एक कला महाविद्यालय. आणि तिथे इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक मुकुंदराव हिंगणीकर.

माणूस कसा? कडक! शर्टाला इस्त्री, आवाजाला इस्त्री, तोंडालाही इस्त्री. सुरकुती पडेल म्हणून हसायचे नाहीत.

आता गंमत ऐका. चारशे वर्षांपूर्वी विलायतेत एक थोर नाटककार होऊन गेला. त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक, वाचलेला मात्र कुणी नाही — थोर माणसाची हीच तर खूण! त्याचं एक हसवणारं नाटक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लावलेलं. आणि बावीस वर्षं ते शिकवत होते कोण? आपले मुकुंदराव!

कसं शिकवायचे? हातात एक पिवळी पडलेली वही. ती त्यांच्या सरांनी त्यांना दिलेली. त्या सरांना त्यांच्या सरांनी. अहो, गुरुपरंपरा! वहीत काय? या नाटकातल्या विनोदाची अकरा वैशिष्ट्यं. सर सांगायचे, पोरं उतरवून घ्यायची. "वैशिष्ट्य पहिलं. लिहा. या नाटकातला विनोद — स्वल्पविराम — निर्मळ आहे. पूर्णविराम." पोरांनी खाली माना घालून निर्मळ लिहायचं. बावीस वर्षांत त्या तासाला एकही पोर हसलं नाही. वर्ग कसा, तर सुतकातलं घर! आणि मुकुंदराव छाती पुढे काढून सांगायचे, "माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते."

अहो, टाचणीच पडणार! दुसरं काय पडतंय तिथे?

आणि नाटकाचं मूळ पुस्तक? ते पोरांनी नाही वाचलं. पोरांकडे गाईड. मग सरांनी वाचलं? — हळू बोला. हेच तर झाकलेलं! शिकत असताना वही होती, शिकवायला लागले तरी वहीच होती. पुस्तकाची गरजच कधी पडली नाही हो त्यांना!

पण एका साली काय झालं? गाईड छापणाऱ्याचं आणि छापखान्याचं बिनसलं. दिवाळी उलटली तरी दुकानात गाईड नाही! पोरं कासावीस. आणि वैऱ्यावरही येऊ नये असा प्रसंग त्या पोरांवर आला — मूळ पुस्तक वाचायचा!

वाचलं बिचाऱ्यांनी. शब्दकोश मांडीवर घेऊन, अडखळत, ठेचकाळत वाचलं. आणि जन्मात पहिल्यांदा वर्गात हात वर झाले! सुदाम म्हणतो, "सर, नायिकेनं मिशी लावली तर सख्खा भाऊ ओळखत नाही? आमच्या वस्तीवर खोकल्यावरून माणूस ओळखतात!" निलोफर म्हणते, "सर, ही दोघं एकदा समोरासमोर बसून बोलली असती, तर पहिल्याच अंकात लग्न लागलं असतं. पुढचे चार अंक कशाला?" मागून एकजण म्हणतो, "सर, परीक्षेला कितव्या पानापर्यंत आहे?" — तो आपला माणूस, मंडळी! तो दर वर्गात असतो, दर कीर्तनातही असतो. तो तिकडे खांबाला टेकून घड्याळ बघतोय!

सरांनी काय केलं? "शंका शेवटी. वैशिष्ट्य दुसरं, लिहा."

त्या वर्गात होती एक पोरगी. कांचन पोटभरे. बापाची पिठाची गिरणी. ही पोर संध्याकाळी गिरणीत बसायची. गिऱ्हाइकांचे डबे रांगेला लावायचे, आणि मधल्या वेळात मांडीवर पुस्तक. घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. बाप तयार नव्हता. आत्याच्या घरून मागणी आलेली, मुलगा कामाधंद्याला लागलेला. पण पोरीनं दोन दिवस अन्न सोडलं तेव्हा बापू पोटभरे म्हणाले, "जा. पर एक ध्यानात ठेव. कालिजातनं एक जरी तक्रार आली, तर पुस्तकं बंद, हळद चालू!" आता सांगा, त्या पोरीचं सगळं आयुष्य एका तक्रारीवर टांगलेलं. असं लेकरू वर्गात कसं बसत असेल? श्वास मोजून!

आणि तो सोमवार उगवला. "वैशिष्ट्य चौथं. उदात्त प्रेमविचार." हे मुकुंदरावांचं लाडकं. नाटकातला सरदार बागेत प्रेयसीपुढे उभा राहून भाषण करतो, ते त्यांना तोंडपाठ. इतकं पाठ, की प्राचार्य डबीरांच्या लेकीच्या लग्नात त्यांनी ते मराठीत करून म्हणून दाखवलं होतं! अर्ध्या मांडवानं डोळे पुसले होते. तर सरांनी चष्मा काढला, डोळे मिटले, हात छातीवर ठेवला. "हे प्रिये, तुझं मौन हीच मला तुझी संमती..."

आणि — खुदकन्!

सरांनी डोळे उघडले. पुन्हा सुरुवात केली. "तुझा एकेक निःश्वास मला..." आता मात्र कांचनचा तोल गेला. ओढणीचा बोळा तोंडात कोंबला तरी हसू आवरेना! डोळ्यांतून पाणी, बाक गदागदा हलतोय.

"पोटभरे! उभी राहा! विनोदी नाटकाच्या तासाला हसतेस? लाज नाही वाटत?"

मंडळी, हे वाक्य पुन्हा ऐका. विनोदी नाटकाच्या तासाला — हसतेस?

पोर तोंडातला बोळा काढून म्हणाली, "सर, खाली बारीक अक्षरात..."

"बाहेर!"

बाहेर गेली. आणि सर तसेच तरातरा प्राचार्यांकडे. रागावलेला माणूस पायऱ्या मोजत नाही. डबीरांनी शिपायाहाती गिरणीवर चिठ्ठी धाडली: 'आपल्या मुलीच्या वर्तनाबाबत गुरुवारी दहाला भेटावे.' आणि सरांना म्हणाले, "मुकुंदराव, तक्रार लेखी द्या. कोणत्या वाक्याला हसली तेवढं पुस्तकातून उतरवून द्या. पालकांना दाखवायला बरं पडतं."

पुस्तकातून! आता आली का पंचाईत? वहीतून म्हणाले असते तर पाच मिनिटांत झालं असतं!

मंगळवार चालढकलीत गेला. बुधवारी दुपारी जेवून, लायब्ररीतून आणलेलं ते मूळ पुस्तक घेऊन मुकुंदराव खिडकीशी बसले. पान सापडलं. सरदार आला, बाग आली, भाषण आलं. अक्षर न् अक्षर वहीतल्यासारखं. मनात म्हणाले, 'बघ! यात हसण्यासारखं काय आहे?' आणि मग नजर खाली गेली. बारीक तिरप्या अक्षरात, कंसात एक ओळ होती. नाटकवाल्यांसाठी सूचना. काय होती?

बाकावर प्रेयसी नाहीच! बुरखा पांघरून सरदाराचा आचारी झोपलाय! सरदार म्हणतो, 'तुझं मौन हीच संमती' — कंसात: आचारी घोरतो. सरदार म्हणतो, 'तुझा एकेक निःश्वास' — कंसात: आचारी जोरात घोरतो, कूस बदलतो. वही करणाऱ्या मूळ गुरूंनी भाषण उतरवलं, कंस सोडून दिले. त्यांनी सोडले म्हणून शिष्यानं सोडले, शिष्याच्या शिष्यानं सोडले. तीन पिढ्या एका आचाऱ्यापुढे उदात्त प्रेम करीत उभ्या!

मुकुंदरावांचे कान तापले. दर परीक्षेला दहा मार्कांचा प्रश्न! लाल शाईनं दिलेले पैकीच्या पैकी मार्क! आणि डबीरांच्या लेकीचं लग्न? अरे देवा, तो मांडव! पुसलेले ते डोळे! लाजेनं माणूस अर्धा झाला हो.

पण वाचणाऱ्याचा डोळा काही थांबत नाही. पुढची ओळ वाचली. सरदार गुडघे टेकतो, हात हातात घेतो आणि म्हणतो, 'अहाहा, काय हा सुगंध!' — कंसात: हाताला लसूण. आणि मुकुंदराव हसले! पहिल्यांदा नाकातून, मग घशातून, मग पोटातून. बावीस वर्षांचं साठलेलं!

आतून कुमुदिनीबाई धावत आल्या. कपाळाला हात लावून बघतात. "अहो, बरं वाटत नाहीये का? डॉक्टरांना बोलावू?"

हसता येईल मंडळी, पण पुढचं ऐका. हसून झाल्यावर ते पुस्तक मिटून बसून राहिले. उद्या गुरुवार. 'पोर उद्धट आहे' एवढी एक ओळ लिहिली की बावीस वर्षांचा मान जागच्या जागी. बापूंची ती अट गावभर ठाऊक होती. पोरीची हळद होईल — होईना! पोरींची लग्नं होतातच की. कोण विचारतंय? आणि खरं बोलावं, तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. कोऱ्या कागदापुढे तो माणूस दिवेलागणीपर्यंत बसला. तुम्ही काय लिहिलं असतंत? मला नका सांगू. मनाशी सांगा.

गुरुवार. दहा वाजले. डबीर खुर्चीत. समोर बापू पोटभरे, भुवयांवर पीठ तसंच, हातात टोपी. कोपऱ्यात कांचन, रडून रडून डोळे सुजलेले. मुकुंदराव आले. हात रिकामे.

बापू उठले. "मास्तर, काय केलं पोरीनं? सरळ सांगा. म्या आत्याकडं निरोप धाडायच्या बेतात हाय."

मुकुंदरावांनी एकदा डबीरांकडे बघितलं, एकदा पोरीकडे. म्हणाले, "तिनं वाचलं."

"काय वाचलं? चोरून काय..."

"पुस्तक वाचलं. मी बावीस वर्षं शिकवतोय, ते पुस्तक. मी ते कालपर्यंत उघडलं नव्हतं. त्या भाषणात ती बरोबर ठिकाणी हसली. चूक माझी आहे. तक्रार नाही."

डबीर ताडकन म्हणाले, "मुकुंदराव, कोणतं भाषण?" आणि मग त्यांनाच आठवलं कोणतं. ते छताकडे बघायला लागले.

बापूंना उलगडा व्हायला जरा वेळ लागला. मग ते सावकाश म्हणाले, "म्हंजी पोरीनं वाचलं, आन् मास्तरनं वाचलं न्हाई. मग सायेब, चिठ्ठी कुणाच्या घरला धाडायला पायजे व्हती?"

डबीर टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. शिपाईसुद्धा दारातून मागे झाला!

बापू लेकीकडे वळले. "काय लिवलंय गं असं त्यात? सांग मला." आणि त्या पोरीनं, नाक पुसत पुसत, प्राचार्यांच्या खोलीत, आपल्या बोलीत सगळं सांगितलं. सरदार, बुरखा, आचारी, लसूण. अंगठा उठवणारा बाप! पण घोरण्याला काय शिक्षण लागतं? असा खदखदून हसला, की भुवयांचं पीठ डबीरांच्या टेबलावर! "आरं तिच्या मायला! त्याला वास बी कळंना?" आत्याकडचा निरोप राहिला तो राहिलाच. कांचन पुढे शिकली.

आणि मुकुंदराव? पुढच्या तासाला त्यांनी वही बाजूला ठेवून ते पान कंसांसकट वाचून दाखवलं. पण सुटले असं समजू नका. पोरांनी त्यांचं नाव 'आचारी' ठेवलं, ते निवृत्तीपर्यंत चिकटलं. भाजी घ्यायला गेले तरी मागून घोरण्याचा आवाज यायचा! खरं बोलल्याचं बक्षीस या जगात असंच मिळतं. कुणी हार घालत नाही. पण नाटकाच्या तासाला खिडकीबाहेर पोरं उभी राहायला लागली, हेही खरं.

झालं आख्यान. हसलात ना पोटभर, त्या मास्तराला? हसा! आता मला सांगा, घरी देव्हाऱ्यात लाल फडक्यात बांधलेली पोथी आहे ना? आहे! रोज फूल वाहता, हळदकुंकू लावता, गुरुवारी धूप दाखवता. फडकं शेवटचं कधी सोडलंत?

का हो, टाळ का थांबले? पाटील, तुम्ही का खाली बघताय? सोडा, हात वर करायला सांगत नाही. कारण मग मलाही करावा लागेल. या व्यासपीठावर मी तीस वर्षं अर्थ सांगतोय. त्यातला निम्मा माझ्या गुरूंकडून ऐकलेला. मूळ पोथी गेल्या श्रावणात उघडली, तर माझ्या तीन कथा तिच्यात सापडल्याच नाहीत! ही लाज मी तुमच्यापुढे आज सांगतोय, कारण मुकुंदरावांनी सांगितली आणि मी न सांगता त्यांना हसतोय, हे मला पटत नाही.

तेव्हा घरी जा, फडकं सोडा, एक पान वाचा. अडलं तर घरातल्या शिकणाऱ्या पोरीला विचारा, आणि तिनं सांगितलेलं मुकाट ऐका.

घ्या टाळ. म्हणा देवाचं नाव — मोठ्यानं!